वर्दीचा रकाना

लंडनचा वकीलही चुकतो, हे मला बेळगावात बसून कळलं आणि खरं सांगते, लई बरं वाटलं.

निपाणीच्या कोर्टात वकिली करताना तारखांवर तारखा घेऊन मी विटले होते. म्हणून बेळगावच्या एका ऑफिसात लागले, तीन महिन्यांच्या बोलीवर. जमलं तर कायम, नाहीतर परत घरी. ऑफिस लंडनच्या एका बड्या लॉ फर्मचं काम करायचं. पूर्वी असल्या फर्मा मुंबईच्या पलीकडं बघायच्यासुद्धा नाहीत. आता आम्ही स्वस्तात पडतो, म्हणून त्यांच्या फायली आमच्या टेबलावर यायला लागल्या.

तिसऱ्या महिन्यात नेमकी निपाणीजवळची जमीन आली. परदेशी कंपनीला हायवेलगत गोदाम बांधायचं होतं. लंडनच्या वकिलानं शेरा मारला होता: भावांच्या जुन्या वाटणीचं रजिस्टर खत नाही, सबब मालकी सिद्ध होत नाही, व्यवहार सोडावा. मी फक्त खाली सही करायची.

माझं डोकंच फिरलं. अहो, त्या काळी आमच्याकडं खत करत होतं कोण? भाऊ पंचांसमोर तोंडी वाटणी करायचे. मग सगळ्यांच्या सह्या-अंगठ्यांचा अर्ज चावडीत द्यायचे, की वाटणी झालीय, ज्याचं त्याच्या नावावर करा. त्या अर्जाला आम्ही वर्दी म्हणतो. माझ्या आप्पांनी आणि काकांनीही तेच केलं होतं.

"मॅडम, सही करून टाका," आमचे साहेब म्हणाले. "हत्तीशी कुस्ती कशाला? हे गिऱ्हाईक गेलं तर पहिली तुमची जागा जाईल."

"जाऊ दे," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी निपाणीची बस पकडली. तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये दुपारपर्यंत धूळ खाल्ली, आणि सापडली की! चार भावांची वर्दी, तीन सह्या, एक अंगठा. तेव्हापासून चौघांचे उतारे वेगळे आणि वहिवाटही वेगळी.

व्हिडिओ कॉलवर तोच वकील होता. मी कागद आणि त्यांचं इंग्रजी भाषांतर दाखवलं. सांगितलं, ही वाटणी माझ्या जन्माआधीची आहे. तोंडी असली तरी नोंद झाली, प्रत्येकजण आपापला तुकडा कसत आला, म्हणजे कायद्याला ती मान्य आहे. शेजारी साहेब रुमालानं घाम पुसत होते.

वकिलानं बराच वेळ वाचलं. "म्हणजे तुमच्या भागात आम्ही चुकीचाच कागद मागत होतो?"

"व्हय," माझ्या तोंडून मराठीच निघालं.

व्यवहार झाला. मी कायम झाले. पुढच्या महिन्यात लंडनहून आमच्या भागासाठी तपासणीचा नवा फॉर्म आला. त्यात इंग्रजी अक्षरांत एक रकाना होता, 'वर्दी'. मी तो छापून घरी नेला. आप्पांनी चष्मा लावला आणि तो रकाना माझ्याकडून दोनदा वाचून घेतला.

"म्हंजे आता लंडनवाले बी वर्दी मागणार?"

"मागणार आप्पा. आणि ती बघून सही मी करणार."