स्वतः हात लावायचा नाही

बुधवार. पौष महिना. शहरातल्या एका मोठ्या हॉस्पिटलातली बायकांची तपासणीची खोली.

हजर: मोठे डॉक्टर. त्यांच्यामागे डॉक्टरकी शिकणारी मुलं-मुली, खोलीत मावतील तितकी. एक सिस्टर. पडद्याबाहेर माझी धाकटी जाऊ सखू, माझी चप्पल आणि पिशवी सांभाळत, फटीतून आत बघत बसलेली. आणि टेबलावर मी. पाय वर अडकवलेले, लुगडं पोटावर गोळा केलेलं.

एवढी माणसं आत येऊ देत का, असं मला कुणी विचारलं नाही.

डॉक्टरांनी आत कात्री घातली. काहीतरी कापलं गेलं. मग त्यांनी ओढलं. मी लुगड्याचा पदर दातात धरला. रिंग बाहेर आली. घातली तेव्हा पांढरी होती, आता काळपट पडलेली, वास मारत होती. डॉक्टरांनी ती चिमट्यात धरून मुलांना दाखवली.

"बघून घ्या नीट. हे फक्त यांच्याकडेच बघायला मिळतं."

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "काय गं, तीन वर्षं आत ठेवून बसलीस? दागिना वाटला का तुला?"

मुलं हसली. सगळी नाही. एका मुलीने नाकाला ओढणी लावली. एकाने फोन काढून फोटो घेतला. माझा चेहरा त्यात आला नसेल. चेहऱ्याचं कुणाला काम नव्हतं.

मी अंगणवाडी सेविका आहे. दर महिन्याच्या मीटिंगला साहेबांसमोर उभी राहून बोलते. पाड्यावर कुणाचं मूल अशक्त आहे, कुणाला कितवा महिना आहे, विचारलं की लगेच सांगते. त्या टेबलावर मला एक शब्द सुचला नाही.

सगळे पुढच्या बाईकडे गेले. सिस्टर माझी जखम पुसत राहिली. तिचा हात हलका होता. ती म्हणाली, "ताई, तुम्ही ही घरीच का नाही काढलीत? अधूनमधून काढायची, साबणाने धुवायची, परत घालायची. बायका स्वतःच करतात. वेळेवर काढली असती तर मांसात रुतली नसती."

"आम्हाला सांगितलं होतं, स्वतः हात लावायचा नाही."

"कुणी सांगितलं?"

कुठून सुरुवात करायची तेच कळेना.

इथून करते.

आमचा पाडा साखरशेतच्या वरच्या अंगाला आहे. खाली भात, वर उतारावर नागली. बाई बाळंत झाली की पाचवी पुजून कामाला लागते. आवणीचे दिवस असले तर वाकून चिखलात भात लावायचा. नसले तर पाण्याचे हंडे, लाकडाची मोळी, पेरणीआधी राबाची जमीन भाजायला पाल्याचे भारे. मग कधीतरी अंग खाली सरकतं आणि बाहेर येतं. गर्भाशय म्हणतात त्याला. आम्ही नुसतं 'अंग' म्हणतो. ते आत ढकलायचं, फडकं घट्ट बांधायचं आणि भारा उचलायचा. माझं तिसऱ्या बाळंतपणानंतर आलं. सासूचंही होतं, हे तिला शेवटची आंघोळ घालताना मला कळलं.

मग पाड्यावर पांढरी जीप आली. संशोधनाची टीम. ओझं उचलणाऱ्या बायकांना रिंगचा किती उपयोग होतो, ते त्यांना बघायचं होतं. मोठी मॅडम गोड बोलायची. कापडाची पिशवी उलटी करून तिने आम्हाला अंग कसं उतरतं ते दाखवलं. रिंग आत बसवली की अंग वर राहतं, म्हणाली.

रिंग चांगली होती. तिला दोष देणार नाही. त्या वर्षी मी पूर्ण आवणी केली आणि एकदाही बांधावर जाऊन बसावं लागलं नाही. हसताना भीती वाटेना. खोकताना भीती वाटेना. इतक्या वर्षांचं दुखणं एवढ्याशा वळ्याने थांबलं. मग हे वळं आमच्या आयांना का मिळालं नाही, असा राग तेव्हाही आला होता.

टीम दर तीन महिन्यांनी यायची. शाळेच्या खोलीत पडदा लावायची, रिंग काढून, धुऊन परत बसवायची. प्रश्न विचारायची. किती हंडे उचलले? दुखलं का? आणि दर वेळी मॅडम बजावायची, "मध्येच कुणीही स्वतः हात लावायचा नाही हं. नाहीतर आमची सगळी माहिती बिघडेल."

आम्हाला वाटलं, हात लावला तर आपलं अंग बिघडेल.

वर्षभर आले. मग आले नाहीत. मी फोन केला. एका मुलाने उचलला. "ताई, प्रोजेक्ट संपला."

"आणि रिंगा?"

"जवळच्या दवाखान्यात दाखवा ना."

जवळच्या दवाखान्यात बाई म्हणाली, आम्ही घातली नाही, आम्ही काढणार नाही. पुढच्या दवाखान्यात बायकांचा डॉक्टरच नव्हता. जागा रिकामी, कधी भरेल सांगता येत नाही. तिथल्या पुरुष डॉक्टरने नुसतं ऐकून घेतलं आणि गोळ्या लिहून दिल्या. गोळ्या खाल्ल्या. वास सुरू झाला. मी अंगणवाडीत मुलांपासून लांब बसायला लागले. नंतर रक्त लागायला लागलं, तेव्हा सखूने मला ओढून शहरात नेलं.

येताना मोखाड्याला गाडी बदलायला उतरलो तेव्हा सखू म्हणाली, "मीटिंगीत एवढी बोलतेस. तिथं तुझी वाचा बसली व्हय?"

"तू तरी कुठे बोललीस?"

"मी चपला सांभाळत व्हते," सखू म्हणाली. मग दोघीही हसलो. हसताना मला खाली कळ आली.

घरी आल्यावर मी काय काय करायचं ते ठरवलं. रिंग घातलेल्या बायका बोलवायच्या. सिस्टरने सांगितलेलं सांगायचं. ज्यांची निघेल त्यांची काढायची. ज्यांची निघणार नाही त्यांना शहरात न्यायचं. सरळ काम होतं.

मुलं घरी गेल्यावर अंगणवाडीत बसलो. दार लावून घेतलं. मी सगळं सांगितलं. काशी आमच्या गटातली सगळ्यात तोंडाळ. ती उठली, मागच्या मोरीत गेली. मग आली ती ओल्या हातात रिंग घेऊनच.

"एवढंच व्हतं?" काशी म्हणाली. "आन् त्या हात लावू नका, हात लावू नकासाठी मी नवऱ्याला तीन वरसं वट्ट्यावर झोपवला!"

"बरं झालं, थंडी खाऊन सुधारला," सखू म्हणाली.

हसून हसून बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग एकेक जण मोरीत जाऊन आली. बऱ्याच जणींची निघाली. काहींनी धुऊन परत घातली. काशीनेही घातली. "चांगली वस्तू हाये," म्हणाली, "माणसं वाईट व्हती."

देवकीमावशी तेवढी उठली नाही.

देवकीमावशी आमच्या पाड्याची सुईण. माझी तिन्ही मुलं तिच्या हातावर झाली. आता तिला काठी लागते. पाड्यावरच्या प्रत्येक बाईचं अंग तिने पाहिलंय, तिचं कुणी पाहिलेलं नाही. ती भिंतीला टेकून बसली होती, गुडघे जवळ घेऊन. बायका गेल्यावर मी तिच्याजवळ बसले. वास मला आलाच. तो वास मला ओळखीचा होता.

"मावशी, ओढून पाहिलीस?"

"पाहिली. येत नाय. रगत येतं."

"मग आपण शहरात जाऊ. मी येते संगती."

तिने माझ्याकडे पाहिलं. "सखूनं सांगितलं माला. पोरं हसली. फोटू काढला." मग काठी घेऊन उठायला लागली. "तुझ्यावाणी माझी जत्रा नाय करायची, बाय. हाये तशी जाईन."

त्या वेळी मला कळलं त्या खोलीत काय झालं होतं. मला वाटत होतं अपमान माझा झाला, मी तो गिळला, संपलं. संपलं नव्हतं. तो मी पाड्यावर घेऊन आले होते. डॉक्टर एक वाक्य बोलून हात धुऊन जेवायला गेले असतील. त्या वाक्याने आमच्या सुईणीचा रस्ता बंद केला. दवाखाना किती लांब आहे, गाडी मिळते की नाही, डॉक्टर आहे की नाही, यावर सगळे बोलतात. पोचलेली बाई परत काय घेऊन येते, ते कुणी विचारत नाही.

होळीच्या आधी माणसं वीटभट्टीवरून परत आली. आणि पाठोपाठ जीप आली. या वेळी निळी. टीम नवी, मॅडम नवी, वयाने माझ्या मुलीएवढी. ओझं वाहणाऱ्या बायकांच्या कंबरदुखीवर अभ्यास. बरोबर आमच्या सुपरवायझर बाई.

सुपरवायझर बाई म्हणाल्या, "उद्या दहा वाजता सगळ्या बायका इथे हव्यात. तू सांगितलंस की येतात."

नव्या मॅडमने मला वाकून नमस्कार केला. वागायला चांगली होती. म्हणाली, "ताई, तुमच्या पाड्याबद्दल मी खूप वाचलंय. मागच्या रिंगच्या अभ्यासात तुमच्याच बायका सगळ्यात सहकार्य करणाऱ्या होत्या. वर्षभरात एकीनेही स्वतः रिंग काढली नाही. असं कुठेच होत नाही!"

कौतुक होतं ते. तिच्या डोळ्यांत खरंच कौतुक होतं.

मला टेबल आठवलं. यांच्याकडेच बघायला मिळतं. असं कुठेच होत नाही. एकाने हसून म्हटलं, एकीने शाबासकी देऊन. आमचं ऐकणं त्यांच्या कागदावर चांगलं दिसलं. पुढे ते आमच्या अंगात कुजलं, ते कुठल्याच कागदावर नाही. कारण तोवर प्रोजेक्ट संपला होता.

मी म्हटलं, "बायका येणार नाहीत."

सुपरवायझर बाईंना वाटलं, वेळ जमत नसेल. "मग अकराला बोलाव."

"अकरालाही नाही. आधी मी सांगते ते व्हायला पाहिजे." मी उभी राहिले. या वेळी शब्द येत होते. "मागच्या लोकांनी घातलेल्या रिंगा काढायला बाई डॉक्टर इथे यायला पाहिजे. पाड्यावर. घरात. सोबत एकही विद्यार्थी नाही. तुम्ही आमच्या अंगात जे घालाल ते काढायचं कसं, ते आम्हाला आधी शिकवायचं. मग घालायचं. आणि तुमचं काम संपल्यावर आमचं कोण बघणार, त्या माणसाला आधी आमच्यासमोर उभं करायचं."

मॅडमचा चेहरा पडला. "ताई, आमच्या अभ्यासात आम्ही काहीच आत घालत नाही. आणि मागची टीम आमची नव्हती. हे सगळं माझ्या हातात नाही."

"मग बायकाही माझ्या हातात नाहीत."

"तुला नोटीस येईल," सुपरवायझर बाई म्हणाल्या.

"येऊ द्या."

निघताना मॅडम मागे वळली. "एक तरी बाई भेटू शकेल का? जिला अजून त्रास आहे अशी? मी कुणा बाई डॉक्टरला विचारून बघते." तिने माझा नंबर घेतला. जीप जामसरच्या बाजूला निघून गेली. तिथे बायका मिळाल्या असतील. एका पाड्याने नाही म्हटलं म्हणून अभ्यास थांबत नाही, हे मला माहीत आहे.

नोटीस आली. मी उत्तर दिलं. मॅडमचा फोन आला नाही. मी दोनदा केला, तिने उचलला, अजून प्रयत्न करतेय म्हणाली. खोटं बोलत नसेल.

माझं अंग पुन्हा बाहेर आलंय. जखम भरली, पण आता बसवायला रिंग नाही. तालुक्यात विचारलं, कुणाकडे नाही. ऑपरेशनला शहरात जावं लागेल म्हणतात. त्याच टेबलावर. मी परत फडकं बांधते. यंदाची आवणी तशीच करायची आहे.

यातून काही चांगलं निघेल असं मला वाटत नाही. रिकामी जागा रिकामीच राहील. पुढची जीप येईल, तिचा रंग वेगळा असेल. तरी एक ठरवलंय. माझ्या पाड्यावरची बाई यापुढे त्या पडद्याआड एकटी जाणार नाही. मी आत उभी राहीन. बोलायचं वाक्य पाठ केलंय, चालताना, भांडी घासताना म्हणते: "या बाईला विचारल्याशिवाय इथे कुणी थांबायचं नाही. फोन खिशात ठेवा." सखूला डॉक्टर करून समोर बसवलं आणि म्हणून दाखवलं. सखू म्हणाली, "अजून जोरात."

आता जोरात येतं.

आज सकाळी देवकीमावशीकडे गेले होते. ती वट्ट्यावर उन्हात बसली होती, खाली गोणपाट दुमडून. तिला ताप आहे. हात धरला तर चटका बसला. गाडी सांगून ठेवलीय, मी आत उभी राहते, एकालाही आत येऊ देत नाही, असं सगळं सांगितलं. वाक्यही म्हणून दाखवलं. तिने पूर्ण ऐकून घेतलं.

"चांगलं बोलतीस," म्हणाली. "आधी बोलायचं व्हतंस."

आणि तोंड फिरवून घेतलं. तिची रिंग अजून आत आहे.