ह्याचा पेपर फुटलाय

चष्मा काढून ताटाशेजारी उपडा ठेवायचा, दोन बोटांनी नाकाचं हाड चोळायचं आणि मग खालच्या आवाजात म्हणायचं, "ह्याचा पेपर फुटलाय." एवढं झालं की आम्ही समजायचो, काकांनी काल रात्री आणखी एकाला नापास केलं.

'हा' म्हणजे आमच्यापैकी कुणी नव्हे. मालिकेतला एखादा गुप्तहेर, कॉमिकमधला एखादा शास्त्रज्ञ, असा कुणीतरी कागदावरचा हुशार माणूस. जगाला ज्यांच्या बुद्धीचं कौतुक, त्यांच्यावर काकांचा संशय. "कप नुसता हुंगला आणि खुनी ओळखला म्हणे ती इन्स्पेक्टरीण. अगं, लेखकाने तिला आधीच उत्तर सांगून ठेवलंय. पाठ करून आलेली मुलगी ती. हुशार कसली?"

त्यांना काका म्हणायचो ते वय झालं म्हणून नव्हे. पन्नाशीच गाठली होती त्यांनी. पण आमच्या टेस्टिंगच्या टीममध्ये ते सर्वांत थोरले, आणि माझी मुलगी त्यांना काका म्हणायची, म्हणून आम्हीही. इथे परदेशात, यिशुन नावाच्या उपनगरात, ते आमच्या शेजारच्याच ब्लॉकमध्ये राहायचे. सकाळी आम्ही एमआरटीच्या, म्हणजे इथल्या मेट्रोच्या, एकाच गाडीने ऑफिसला जायचो. सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायच्या हे आमचं पोटापाण्याचं काम. आम्ही ते संध्याकाळी सहाला थांबवायचो, काका थांबवत नसत एवढाच फरक. लिफ्टच्या बटणाचा दिवा लागला तरी ते पुन्हा एकदा दाबून बघत.

त्यांच्या वहीच्या शेवटच्या पानांवर एक तक्ता होता. तीन रकाने: माहीत काय होतं, ओळखलं काय, आणि लेखकाने हळूच काय दिलं. तिसरा रकाना जितका भरलेला, तितके मार्क कमी. मोठमोठ्या मंडळींना त्यात शंभरात अकरा, शंभरात चौदा असे मार्क पडलेले मी पाहिले आहेत. तुम्ही म्हणाल, रिकामटेकडा माणूस. मलाही आधी तसंच वाटलं होतं.

माझ्या मुलीच्या एका कॉमिकमध्ये तीन मेंदूंचा प्राध्यापक होता. त्याला काकांनी नऊ मार्क दिले. त्याच्या घरचे कपडे धुणाऱ्या बाईला ब्याऐंशी. ती अख्ख्या पुस्तकात दोनदा येते. एकदा म्हणते, आज सरांच्या बाहीला खडू नाही, हे आपले सर नव्हेत. आणि खरंच तो तोतया असतो.

मुलगी तिच्या इथल्या शाळेतल्या इंग्रजीत चिडली. "बट ही गॉट थ्री ब्रेन्स, काका. कन्फर्म स्मार्टर लाह."

"तीन मेंदू लेखकाने दिले," काका म्हणाले. "तिला काय दिलं? मळके कपडे."

मुलीने कॉमिकमधलं ते पान पुन्हा उघडून पाहिलं. मला त्या दिवसापासून तो माणूस आवडायला लागला.

आम्ही दुपारी जेवायचो त्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांच्या त्या मंडईत, आमच्या टेबलावर लिम नावाचा एक सहकारी असायचा. त्याला मराठीचा गंध नाही. काकांनी 'पेपर' म्हटलं की तो निमूटपणे टिश्यूचं पाकीट त्यांच्याकडे सरकवायचा. काकाही न चुकता एक टिश्यू घ्यायचे, थँक्यू म्हणायचे, आणि पुढच्या संशयिताकडे वळायचे.

असं सगळं बरं चाललं असताना वरून फर्मान आलं. टीम लहान करायची आहे, तेव्हा सगळ्यांनी बुद्धिमत्ता चाचणी द्यायची. बाहेरची संस्था ती घेणार, दोन तुकड्यांत. खालचे मार्क पडतील त्यांना निरोप. आम्ही बहुतेक सगळे एम्प्लॉयमेंट पासवर. नोकरी गेली की पास गेला, पास गेला की गाशा गुंडाळायचा. काकांची मुलगी इथेच पॉलिटेक्निकच्या शेवटच्या वर्षाला होती. "एक वर्ष निभलं पाहिजे," ते गाडीत म्हणाले. "मग मला हाकला खुशाल." ते हसून म्हणाले, पण हातातली दांडी त्यांनी फार घट्ट धरली होती.

पहिल्या तुकडीत आमचा प्रसाद बसला. हा मुंबईचा, तल्लख पोरगा. बाहेर आल्या आल्या त्याने आठवतील तेवढे प्रश्न लिहून काढले आणि फोनवर आमचा पाच मराठी जणांचा एक ग्रुप केला. काका सहावे. त्यांना घेतलं नाही.

का घेतलं नाही? तेव्हा आम्ही स्वतःला सांगितलं, काका फार चिकित्सा करतात, घोळ घालतील. खरं कारण असं की ते आमच्याकडे कसे बघतील याची आम्हाला भीती वाटत होती. मी ते प्रश्न बाथरूममध्ये बसून पाठ केले.

आमच्या आणि काकांच्या, म्हणजे दुसऱ्या तुकडीच्या, परीक्षेच्या दोन दिवस आधी आम्ही जेवायला बसलो होतो. काकांनी चष्मा उपडा ठेवला. त्यांची ती इन्स्पेक्टरीण पुन्हा काहीतरी हुंगून आली होती. ते म्हणाले, "पेपर फुटलाय. आणि ह्या वेळी कुणी फोडला तेसुद्धा मी पुराव्यानिशी सांगू शकतो."

नेमका त्याच क्षणी प्रसाद हातात ट्रे घेऊन पाठीमागे येऊन उभा राहिला. त्याने तेवढंच ऐकलं. ट्रेमधलं सूप हिंदकळून त्याच्या मनगटावर सांडलं आणि तो दुसऱ्या टेबलावर जाऊन बसला. लिमने सवयीने टिश्यू काकांपुढे सरकवले.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. काका मालिकेबद्दल बोलत होते हे मला माहीत होतं. मी समोरच बसले होते. पण संध्याकाळपर्यंत ग्रुपवर इतकं काही लिहून आलं की मलाही वाटू लागलं, मालिकेचं निमित्त करून ते आम्हाला सुनावत नव्हते ना? कुणीतरी लिहिलं, सोमवारी ते एचआरच्या मजल्यावर गेले होते. कुणीतरी लिहिलं, माझ्याकडे आज दोनदा रोखून बघितलं. आम्ही पाच जण त्यांचे शिष्य शोभलो असतो.

परीक्षेला आमच्या हातात वेगळाच संच आला. पंचवीस प्रश्नांतले तीनच तेवढे ओळखीचे. मग खात्रीच पटली, काकांनीच चुगली केली. आम्ही जेवायला त्यांना सोडून जायला लागलो. मी सकाळी एक गाडी आधीची पकडू लागले. तिसऱ्या आठवड्यात लिफ्टपाशी गाठ पडली तेव्हा ते म्हणाले, "तुझी वेळ बदलली वाटतं? मी तिथेच उभा असतो हं, दुसऱ्या डब्यापाशी." मी म्हटलं, हो, बदलली.

निकाल लागला. मी राहिले, दोन मार्कांनी. काका गेले. माझे ते दोन मार्क कुठून आले हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

त्यानंतर एचआरमधली मुलगी सहज बोलून गेली. ती संस्था दर तुकडीला प्रश्नसंच बदलतेच, तशी तिची रीतच आहे. तक्रार? कुणाचीच आली नव्हती. आणि काका त्या सोमवारी वर गेले होते ते मुलीच्या कॉलेजसाठी नोकरीचा दाखला आणायला. हे ऐकून मी जिन्यात जाऊन बसले. एका माणसाला आपण एकटं जेवायला लावलं, महिनाभर, या विचाराने मला माझीच किळस आली.

ते जाणार त्या शनिवारी मी त्यांच्याकडे गेले. त्यांच्या मुलीसाठी होस्टेलची सोय झाली होती, काका-काकू पुण्याला परतणार होते. घरभर खोकी. काकूंनी चहा टाकला. काकांनी माझ्या मुलीची कॉमिकं परत देण्यासाठी एका पिशवीत नीट भरून ठेवली होती. मी ठरवून गेले होते की सगळं सांगून टाकायचं. चहा पिऊन झाल्यावर, मग खोकं भरून झाल्यावर, असं करत मी लांबवत राहिले.

शेवटी तेच म्हणाले, "एक विचारू? परवा लिम सांगत होता, परीक्षेचे प्रश्न काही जणांकडे आधीच होते म्हणे. तुला माहीत होतं?"

त्यांनी चष्मा काढला नाही. डोळे माझ्यावरच होते. खोक्यापलीकडे त्यांची मुलगी पुस्तकं रचत होती, तिचे हात थांबले.

मी म्हटलं, "नाही हो काका."

"वाटलंच मला," ते लगेच म्हणाले. "मी त्याला म्हटलं, असेल कुणाकडे, पण ती त्यातली नव्हे."

बाहीला खडू आहे की नाही हे बघणाऱ्या त्या माणसाने मला एकही उलटा प्रश्न केला नाही. त्यांनी खोक्याची दोन्ही झाकणं मिटली आणि टेपचं टोक माझ्या हातात दिलं. "एवढं घट्ट धर," ते म्हणाले, आणि मी धरलं.