आईच्या पोटातलं आम्ल

त्या वर्षी आईला जमीन कापसासारखी लागू लागली. नव्वदीच्या दशकातली गोष्ट, मी कॉलेजात होते. वसईजवळच्या सांडोर गावातल्या आमच्या वाडीत केळींमधून चालताना ती खाली बघत चालायची. पाऊल टेकलं की नाही ते तिला डोळ्यांनीच कळायचं. जेवल्यावर पोट फुगायचं, जिभेची आग व्हायची. बाबांपासून शेजारणींपर्यंत सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं, अ‍ॅसिडिटी. आई थंड दूध प्यायची, गोळ्या चघळायची आणि फिकट होत जायची.

शेवटी वसईतल्या एका वयस्कर डॉक्टरीणबाईंनी तिची जीभ पाहिली. लाल, काचेसारखी गुळगुळीत.

"अ‍ॅसिड वाढलंय म्हणता ना? मग आधी मोजूया."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या दवाखान्यात आई उपाशीपोटी खिडकीजवळच्या खुर्चीत बसली. नर्सने नाकातून बारीक रबरी नळी घातली. "घोट घ्या, आणखी एक घोट," म्हणत ती नळी पोटापर्यंत सरकवली. आईला उमासे आले, डोळ्यांतून पाणी आलं. नळी चिकटपट्टीने गालाला चिकटवून नर्सने सिरिंजने पोटातलं पाणी ओढून घेतलं, मग दंडात इंजेक्शन दिलं. त्याने पोटात आम्ल पाझरायला लागतं, असं तिने सांगितलं. आता दर पाव तासाने थोडं थोडं काढायचं. लाळ गिळायची नाही, वाटीत थुंकायची. म्हणजे बोलणंही बंद.

आईने माझं मनगट घट्ट धरलं. तिला पुन्हा उमासा येत होता. मी म्हटलं, "डोळे मीट. आपण वाडीत जाऊ."

तिने डोळे मिटले.

"फाटक उघडलं. डावीकडे विहीर. पुढे केळी..."

तिने बोट उचलून हलवलं. नाही.

"आधी अळू?"

मान हलली. अळू ओलांडलं, केळी ओलांडल्या. सुपारीच्या सावल्या आमच्या अंगावरून सरकत होत्या. पाटात पाणी सोडलेलं होतं आणि पाटाच्या कडेला सोनचाफा फुललेला होता. मधेच नर्स यायची, सिरिंज भरून न्यायची, आणि आम्ही थांबलो होतो तिथूनच पुढे चालायचो. आईची पकड सैल झाली. मी काय बोलत होते ते मलाच ऐकू येईनासं झालं. खिडकीतलं ऊन, तिचा श्वास आणि ती वाडी एकात एक मिसळून गेली होती.

नळी निघाल्यावर आई पहिलं वाक्य बोलली, "सोनचाफा विहिरीमागे आहे गो, पाटाकडे नाही."

आतल्या खोलीत काचेच्या नळ्या ओळीने लावल्या होत्या. प्रत्येकीत औषधाचे थेंब पडले की पाणी पिवळं व्हायचं. एक पिवळी, दुसरी पिवळी, शेवटचीही पिवळी.

"आम्ल असतं तर लाल झालं असतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "यांच्या पोटात ते तयारच होत नाही. इंजेक्शन देऊनही नाही."

आमच्यासोबत आलेले बाबा चक्रावले. "मग ती आग?"

"आग झाली म्हणजे अ‍ॅसिडच असतं असं नाही. पोटाचं अस्तर सुकलंय. त्यामुळे अन्नातलं बी-ट्वेल्व्ह अंगी लागत नाही. रक्त कमी पडतं, पाय बधिर होतात. रक्त तपासून खात्री करू."

रक्तानेही तेच सांगितलं. सुया सुरू झाल्या, आधी रोज, मग महिन्याला एक, कायमची. घरातल्या गोळ्या बाबांनी स्वतः फेकल्या. काही आठवड्यांनी आईच्या गालांवर रंग आला. एका सकाळी ती पाटात उभी राहिली आणि पोरीसारखी ओरडली, "पाणी गार आहे!"

बाबा कुदळ टाकून धावत आले. काय झालं ते कळल्यावर तेही चपला काढून तिच्याशेजारी पाण्यात उतरले. मग दोघं कितीतरी वेळ तशीच उभी राहिली.