पडद्यामागचं हसू

आईने अंथरूण धरलं म्हणून थोरला भाऊ मला न्यायला ठाण्याहून कल्याणला आला होता. सासूबाईंनी होकार दिला, गाठोडं बांधून झालं, दुसऱ्या दिवशी सकाळच्या आगगाडीने निघायचं ठरलं. नेमका आदल्या रात्री देवळापुढच्या पटांगणात काचेवरच्या चित्रांचा खेळ आला. सगळं घर गेलं, भावालाही आग्रहाने नेलं.

मध्ये ओलं धोतर ताणलेलं. पुढे पुरुष, मागे आम्ही बायका. दिव्याच्या उजेडात काचेवरचं चित्र धोतरावर मोठं होऊन पडे आणि कापड ओलं असल्यामुळे मागूनही स्वच्छ दिसे. खेळात बोलणं नव्हतं. कुणी आपटलं की झांज वाजे, एवढंच.

गोष्ट होती एका नाकारलेल्या वराची. मुलीच्या बापाने नकार दिला म्हणून हा जळफळत तिच्या लग्नात विघ्न आणायला निघालेला. नवरदेवाच्या अंगरख्यात खाजकुइली टाकतो आणि गडबडीत तोच अंगरखा स्वतः चढवतो. मांडवाची दोरी कापतो, तर मांडव याच्याच डोक्यावर. शेवटी एक बोकड ढुशी देऊन त्याला कढीच्या हंड्यात बसवतो. बायका हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडत होत्या. मी पदराचा बोळा तोंडात कोंबला होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. सुनेने आवाज काढून हसायचं नाही, हे सासूबाईंनी मला आल्या दिवशीच बजावलं होतं, आणि त्या शेजारीच बसल्या होत्या.

घरी आल्यावर यजमानांनी मला माजघराच्या दाराशी गाठलं.

"सगळ्या हसल्या. तुझा आवाज आला नाही."

"हसले मी. सासूबाई शेजारी होत्या, म्हणून तोंड दाबून."

"मी कान देऊन बसलो होतो. ठाण्याच्या त्याची कीव आली असेल."

ठाण्याचा तो म्हणजे आमच्या आळीतलं एक स्थळ. पत्रिका जमेना म्हणून वडिलांनी नाही म्हटलेलं. मी त्याला पाठमोरा पाहिला असेन, तोही एखाद्या वेळी. पण हे यजमानांच्या कानावर गेलं, तेव्हापासून त्यांच्या डोक्यात किडा वळवळत होता. मत्सर तरी कुणाचा करावा माणसाने, तर नकार मिळालेल्याचा! चित्रातला वेडा निदान स्वतःच कढीत पडला.

त्यांनी तिथूनच हाक मारली, "आई, ही हसली का गं?"

"छे रे," सासूबाई आतून म्हणाल्या, "हूं की चूं नाही. सुनेने बसावं तशी बसली होती."

बिचाऱ्या माझं कौतुक करत होत्या.

सकाळी भाऊ एकटाच परतला. हिला बरं नाही, असं त्याला सांगण्यात आलं. मी आत चुलीपाशी होते, मला बाहेर येऊ दिलं नाही. आठवडा उलटायच्या आत आई गेली.

इतकी वर्षं झाली, तरी कान देऊन बसलो होतो, हे त्यांचं वाक्य आठवलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. त्या घरात मी तोवर एकदाही मोठ्याने हसले नव्हते. त्या रात्री हसले असते, तरी तो आवाज माझा, हे त्यांना कुठून कळणार होतं?