भरवशाचा चहा

शिंप्याच्या मशीनखाली चिंध्या कधी साठतात ते शिंप्यालाही कळत नाही. एक दिवस पाय ठेवायला जागा उरत नाही, तेव्हा दिसतं. किश्शांचंही तसंच. मी चिटगुप्प्याचा टेलर. शाळा चौथीपर्यंत; पुढचं वाचन रद्दीच्या कागदांवर झालं. रोज चार ओळी लिहून ठेवायची सवय, म्हणून मित्र मला ‘रायटर’ म्हणत. मित्र दोन: हॉटेलवाला खाजाभाई आणि भुसार दुकानवाले शिवलिंगप्पा. आम्हा तिघांचा छंद एकच. यंदा कुणाला उचलणार ते आधीच ओळखायचं!

हैदराबादच्या एका मोठ्या कारखान्याची फुटबॉल टीम होती. पगारी! खेळायचं आणि त्याचाच पगार घ्यायचा, हे आमच्याकडे कुणाला खरं वाटत नसे. दर वर्षी सुगी उरकली की जत्रेच्या माळावर टुर्नामेंट भरायची आणि त्या टीमसाठी पोरं निवडायला एक साहेब यायचे. ऊन असो नसो, हातात काळी छत्री. शेवटची मॅच संपली की ते छत्रीचं टोक एखाद्या पोराकडे करायचे आणि म्हणायचे, “तुम!” बस्स. एवढ्यावर त्या पोराचा जन्म बदलायचा.

पैज लावणं शिवलिंगप्पांच्या घरी चालत नव्हतं. म्हणून आम्ही चहा काढला. ज्याचा नंबर लागेल असं वाटतं, त्याला मॅचआधी खाजाभाईच्या हॉटेलातून चहा पाठवायचा. पक्का भरवसा असेल तर पूर्ण ग्लास. मन डळमळत असेल तर बाय-टू. अर्धा आपण प्यायचा, अर्धा त्याला. हळूहळू सगळं गावच चहा पाठवायला लागलं. कुणापुढे किती ग्लास, यावरून गावाचं मत कळायचं.

* * *

सगळ्यात जास्त ग्लास गौतमला. लेफ्ट आउटला खेळायचा, अनवाणी. जन्माचं नाव मारुती. घर बौद्ध झालं तेव्हा बापाने शाळेत गौतम करून घेतलं. आई-बाप दोघंही सडकेच्या कामावर खडी फोडायचे. त्याच्या पायाला चेंडू असा चिकटायचा की समोरचा आधी चेंडू शोधायचा, मग गौतमला.

पहिल्या साली अर्ध्या गावाने त्याला पूर्ण ग्लास पाठवले. नको म्हणावं तर पाठवणाऱ्याचा अपमान! बिचारा सगळे प्यायला. शिट्टी झाली, थोडा वेळ पळाला, आणि मग कोपऱ्यातल्या झेंड्यापाशी पोट धरून उभा राहिला.

“ये लड़का तो भागताच नै!” साहेब म्हणाले आणि दुसऱ्यालाच घेऊन गेले.

खाजाभाईने कपाळाला हात लावला. “रायटर, उसकू कोई नै हराया. मेरी चाय हराई!”

गौतम माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, “आण्णा, फुडल्या साली जरा कमी भरवसा ठिवा.”

* * *

मग नियम केला. खेळाडूने एकच घोट घ्यायचा आणि ग्लास शेजारच्याला द्यायचा.

नियम करताना एक गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नाही. गौतमने घोट घेतला, ग्लास पुढे केला. शेजारी होता गोलकीपर, शिवलिंगप्पांचा पुतण्या. तो खाली मान घालून बुटाची नाडी बांधायला लागला. बांधलेलीच नाडी! ग्लास तसाच हवेत.

धोतराचा सोगा हातात धरून शिवलिंगप्पा थेट मैदानात शिरले. ग्लास घेतला, भला मोठा घोट प्यायला, मिशा पुसल्या आणि पुतण्याला म्हणाले, “रोज बसवण्णापुढं हात जोडतूस, अन् एका ग्लासाला भितूस व्हय रे?”

पुतण्याने उरलेला चहा एका दमात संपवला. त्या दिवशी त्याने काय गोल अडवले म्हणता! संध्याकाळी छत्री त्याच्याचकडे वळली.

घरात पेढे वाटले गेले, पण शिवलिंगप्पा आठवडाभर तोंड पाडून बसले होते. मी विचारलं, “अप्पा, घरचं पोरगं लागलं की!”

“लागलं रे. पण म्या चहा गौतमला पाठविला हुता!”

* * *

पुढच्या खेपेला साहेबांनी कारण सांगितलं. छत्री उभी धरून त्यांनी गौतमला नजरेनेच मापलं. “खेल अच्छा है. हाइट कम है.”

“फुटबॉल जिमिनीवर खेळत्यात का माळ्यावर?” शिवलिंगप्पा ओरडले. साहेबांना मराठी येत नव्हतं, हे बरं.

दुसऱ्या दिवसापासून गौतम पहाटे बसस्टँडमागच्या चिंचेला लोंबकळायला लागला. कुणीतरी सांगितलं होतं, माणूस त्याने वाढतो. दर बाजारच्या दिवशी माझ्या दुकानात यायचा, भिंतीला टाच लावून ताठ उभा राहायचा. मी टेप लावायचो. तो माझ्या तोंडाकडे बघायचा. मी टेप गुंडाळून ठेवायचो.

वर्ष संपताना खाजाभाई चिंचेखाली उभा राहून वर बघत म्हणाला, “लटक लटककू डाली नीचे आई मियाँ, तू वैसाच है!”

* * *

म्हैसूर राज्याचं कर्नाटक झालं त्या साली आमच्या राज्याचं नाव बदललं, आमचे अंदाज मात्र चुकायचे थांबले नाहीत. कुणी पाण्यालाही विचारलं नव्हतं असा एक पोरगा छत्रीने उचलला. एकही ग्लास नाही, अर्धासुद्धा नाही! खाजाभाईच्या जिवाला ते लागलं. पोरगा हैदराबादच्या बसमध्ये बसला तेव्हा हा ग्लास घेऊन खिडकीशी धावला. “पी ले बाबा, जल्दी पी ले! नै तो अपने गाँव का अंदाज झूटा पड़ता!”

पोराने ग्लास हातात घेतला आणि बस सुटली.

खाजाभाई धुळीकडे बघत राहिला. “लड़का गया सो गया. गिलास बी ले गया!”

आम्ही हसलो. गौतमही हसला. निवडलेल्याची ट्रंक टपावर चढवायला दर वर्षी तोच यायचा. शिडीवरून उतरून, बस वळणाआड जाईपर्यंत तिथेच उभा राहायचा.

“कामून येतूस रे हितं?” शिवलिंगप्पांनी एकदा विचारलं. “जिवाला तरास करून घ्यायला?”

“बस कुटवर दिसती ते बघायलोय, अप्पा.”

* * *

एका साली त्याची माय मैदानावर आली. अंगावर खडीची धूळ, पदराखाली तांब्या. घरून गुळाचा चहा करून आणला होता.

“रायटर,” तिने मला विचारलं, “माजा भरवसा चालतोय का? म्या घरची हाय.”

प्रश्न अवघड होता. घरच्या माणसाचा अंदाज धरायचा की नाही, हे आम्ही कधी ठरवलंच नव्हतं. खाजाभाईने निकाल दिला. “अम्मा का एक गिलास, दो के बराबर!”

त्या दिवशी गौतमने दोन गोल केले. दुसरा तर कोपऱ्यावरून असा वळवला, की समोरचा गोलकीपरच टाळ्या वाजवायला लागला. मॅच संपली. साहेब उठले. छत्री वर आली, सरळ गौतमच्या दिशेने. माझ्या हातातली बिडी विझली. शिवलिंगप्पांनी गळ्यातलं लिंग मुठीत धरलं.

फट्ट! छत्री उघडली. साहेबांना ऊन लागत होतं.

थोड्या वेळाने ती मिटली आणि दुसऱ्याच पोराकडे वळली.

माय रिकामा तांब्या उचलत म्हणाली, “सायबाची छतरी म्हातारी झाल्याय वाटतं. सरळ जाईना!” आणि लेकाच्या पाठीवर हात ठेवून चालायला लागली.

* * *

मग माळावर बाजाराचे गाळे बांधायचं ठरलं. शेवटची टुर्नामेंट. गौतम तोवर बापाच्याच जागी सडकेच्या कामाला लागला होता. माय जाऊन दोन पावसाळे झाले होते. त्याचे कानाजवळचे केस पिकले होते. टीममध्ये एक माणूस कमी पडला म्हणून त्याला उतरवलं. मीच त्याची बनियन कमरेत सैल करून दिली.

ग्लास निघाले. पोरापोरांपुढे पोचले. गौतमपुढे एकही नाही. मी पाठवला नाही, शिवलिंगप्पांनीही नाही. आता चहा पाठवणं म्हणजे जखमेवर बोट ठेवणं. तो लांब बसून घोट्याला चिंधी बांधत होता.

एवढ्यात खाजाभाई स्वतः मैदानात आला. कधी येत नसे. हातात पूर्ण ग्लास, काठोकाठ. गौतमपुढे जाऊन थांबला.

“कुणाचा?” गौतमने विचारलं.

खाजाभाईने नुसतं हनुवटीने लिंबाच्या झाडाकडे दाखवलं. झाडाखाली खुर्ची होती. खुर्चीवर साहेब. तेही म्हातारे झाले होते. इतकी वर्षं खाजाभाईच्याच हॉटेलात बसत होते. आमचा रिवाज त्यांना ठाऊक असेल, असं आमच्या मनातही आलं नव्हतं.

गौतमने ग्लासाकडे बघितलं. नियमाप्रमाणे एक घोट घेतला. मग म्हणाला, “खाजाभाई, एक रिकामा ग्लास आणा.”

रिकामा ग्लास आला. त्याने नीट बेतून, एक थेंब न सांडता अर्धा चहा त्यात ओतला.

“सायबाला नेऊन द्या. म्हणावं, बाय-टू.”

खाजाभाई तो ग्लास घेऊन पूर्ण मैदान चालत गेला. साहेब खुर्चीतून उठले. ग्लास दोन्ही हातांनी घेता यावा म्हणून त्यांनी छत्री खाली मातीत ठेवली, आणि उभ्यानेच, शेवटच्या घोटापर्यंत चहा प्यायले.