सिपोराबाईंचा कुलाबा जिल्हा

इस्रायलच्या वाळवंटात, दिमोना शहरात राहणाऱ्या मराठी माणसाला गावाकडचं काही आठवेनासं झालं की तो सिपोराबाई वाकरूळकरांचं दार वाजवायचा. बिरड्याच्या वालांना मोड केवढे हवेत, जंजिरा नेमका कुठल्या गावासमोर, भारूड आणि पोवाडा यांत फरक काय, सगळ्याचं उत्तर सिपोराबाईंकडे तयार. दारातच उभ्या राहून सांगायच्या आणि वर "एवढंही ठाऊक नाही?" असं म्हणून दार लावून घ्यायच्या.

माहेर त्यांचं रेवदंड्याचं. लग्न होऊन इकडे आल्या त्या थेट सुताच्या गिरणीत उभ्या राहिल्या. दोन्ही बाजूंना मोरोक्कोच्या बायका, कुणाचं कुणाला कळायचं नाही. तेव्हा त्या मनातल्या मनात चौलपासून पेणपर्यंतची गावं ओळीने म्हणायच्या. मुलं इथेच झाली, नवरा इथेच गेला, पण त्या ओळीतलं एक गाव सुटलं नाही, असं त्याच मला सांगायच्या. मी त्यांच्या खालच्या मजल्यावर राहते. भांडण न होता इतकी वर्षं शेजार टिकला, ही देवाची कृपा.

आमच्या वडीलधाऱ्यांच्या क्लबात मंगळवारी दुपारी मराठी माहितीचा खेळ असतो. मुलूख, स्वयंपाक, टीव्ही आणि साहित्य, असे चार भाग. प्रत्येकापुढे स्टीलची वाटी आणि चमचा. उत्तर येत असेल त्याने वाटी वाजवायची. प्रश्न शिमशोनभाऊ विचारायचे. पूर्वी टीव्हीचा भाग म्हणजे शुक्रवारी दुपारी लागणारा अरबी सिनेमा. नटी कोण, रडली कशासाठी, एवढंच. त्यातही सिपोराबाईच पुढे. वाटी त्यांची वाजली की बाकीचे चमचे खाली ठेवून चहाकडे वळत.

मग मिलका आली. मिलका पेणकर, पेणच्या पोस्टात नोकरी करून उशिरा इकडे आलेली. बोलायला मऊ, हसायला मोकळी. तिने गच्चीवर तबकडी लावून मराठी वाहिनी आणली आणि टीव्हीच्या भागात अरबी सिनेमा मागे पडून कोल्हापूरच्या सासवा आणि पुण्याच्या सुना आल्या. मिलकाची वाटी वाजायला लागली.

सिपोराबाईंना जेवण जाईनासं झालं. मिलकाने नवी ओढणी घेतली की "वाळवंटात मोरपंखी कोण घालतं," मिलकाने सांदणं आणली की "तांदूळ नीट भिजला नाही." पुढे मुलाच्या मागे लागून त्यांनीही तबकडी बसवून घेतली. दुपारभर मालिका बघायच्या आणि मला बोलावून शिव्या घालायच्या. "ही बघ, दिवसा दागिने घालून कांदा चिरतेय. आणि हे पाठ करायचं मी, त्या पोस्टवालीसाठी."

त्या वर्षी शिमशोनभाऊंची नजर अगदीच अधू झाली. त्यांनी जाहीर केलं की आमच्या यहुदी नव्या वर्षाच्या सणाआधी मोठा खेळ घेऊ, आणि जो जिंकेल तो यापुढे त्यांच्या खुर्चीत बसून प्रश्न विचारेल. सिपोराबाईंना ती खुर्ची हवी होती. मला म्हणाल्या, उत्तरं देणाऱ्याला कोणीही हरवू शकतं, प्रश्न विचारणाऱ्याला कोण हरवणार?

मोठ्या खेळाला क्लब भरला. स्वयंपाकात सिपोराबाई पुढे, टीव्हीत मिलका, साहित्यात दोघी बरोबरीत. शेवटी मुलखाचा एकच प्रश्न उरला. शिमशोनभाऊंनी कागद डोळ्यांशी नेला. अलिबाग कुठल्या जिल्ह्यात?

मिलकाची वाटी आधी वाजली. "रायगड."

"चूक," शिमशोनभाऊ म्हणाले.

मिलका गोंधळली. म्हणाली, मी पेणच्या पोस्टात होते हो, रोज हजारो पत्रांवर तेच वाचलंय. मागून कोणीतरी म्हणालं की म्हणूनच आमची पत्रं पोचत नसत. सगळे हसले. रायगड हा किल्ला, जिल्हा कसा असेल? तिथे बसलेल्या प्रत्येकाच्या जन्मदाखल्यावर कुलाबा होता. सगळे त्या दाखल्यासकट इकडे आलेले, आणि मागे काय बदललं ते आम्हाला कोण कळवणार? मीही कुलाबाच म्हटलं असतं.

उत्तर द्यायची पाळी सिपोराबाईंकडे आली. त्यांनी शिमशोनभाऊंकडे बघितलं, मिलकाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "कुलाबा."

टाळ्या पडल्या. मिलका उठली, त्यांच्याजवळ आली, म्हणाली, "मावशी, तुम्ही मोठ्या. खुर्ची तुम्हालाच शोभते." आणि स्वतःच्या हाताने गव्हाच्या चिकाच्या हलव्याची वडी त्यांच्या तोंडाशी धरली.

तिथून पुढे बिनसलं. पावाच्या दुकानात, बसच्या थांब्यावर, सिनेगॉगात बायकांच्या बाजूला, जो भेटेल तो सिपोराबाईंचं अभिनंदन एका शब्दात उरकायचा आणि मिलकावर सुरू व्हायचा. काय गुणाची बाई, हरली तरी तोंड वाकडं नाही, अशी सून मिळायला हवी. सिपोराबाई मान हलवायच्या. सिनेगॉगात सणाच्या दिवसांतल्या क्षमेच्या प्रार्थना चालू होत्या. माझ्या शेजारी उभ्या असायच्या, पण पुस्तकावरचं त्यांचं बोट पुढे सरकत नव्हतं.

एकदा तिथून परतताना त्या मध्येच थांबल्या. "रेमा, रायगडच आहे गं."

"काय रायगड?"

"जिल्हा. त्यांनी नाव बदललं. बातम्यांत दाखवत होते, अलिबागला समुद्र चढला, रायगड जिल्हा. मला खरं वाटेना, म्हणून बहिणीला फोन केला. ती हसली मला. पावसाळ्यातली गोष्ट."

म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं तर, मी म्हटलं.

"ठाऊक होतं. भाऊंच्या कागदावर काय असणार तेही ठाऊक होतं."

येत्या मंगळवारी क्लबात सांगून टाकणार, असं म्हणाल्या. क्षमेच्या दिवसाचा उपास जवळ आला म्हणून का, असं मी विचारलं.

"देवाचं मी बघीन. पण खोटं मी बोलायचं आणि नाव त्या बाईचं व्हायचं, हे नाही चालायचं."

मंगळवारी त्या उभ्या राहिल्या आणि सगळं सांगितलं. बातम्या, बहिणीचा फोन, काही लपवलं नाही. शिमशोनभाऊंना राग आला. म्हणजे आमचे जन्मदाखले खोटे, असं त्यांनी विचारलं. तेव्हा खरे होते भाऊ, सिपोराबाई म्हणाल्या, गाव आपल्यासाठी थांबलं नाही. खुर्ची मिलकाला मिळाली. लोक सिपोराबाईंसाठी टाळ्या वाजवायला लागणार, तेवढ्यात मिलका रडत म्हणाली की एवढ्या लोकांत खरं बोलणं माझ्याने झालं नसतं. झालं, सगळे पुन्हा तिच्याच मोठ्या मनाचं कौतुक करायला लागले.

"मुद्दाम म्हणाली ती," घरी येताना सिपोराबाई म्हणाल्या.

दारफाळणीच्या सणाआधी, म्हणजे त्या उपासाआधी, आम्ही एकमेकांच्या घरी जाऊन माफी मागतो. सिपोराबाईंनी मिलकाचं घर सगळ्यात शेवटी ठेवलं आणि मला सोबत नेलं. मिलकाने दार उघडलं, हात पिठाचे होते. सिपोराबाई आतही गेल्या नाहीत. उंबऱ्यातच म्हणाल्या, "मी तुझा हेवा केला. अजून करते. केला तेवढ्याची माफी दे, उरलेल्याची पुढच्या वर्षी मागीन."

मिलका हात पदराला पुसत म्हणाली, "द्या मग मलाही. मी इथे आले त्या आठवड्यापासून तुमचा करते, मावशी. बाजारात कुणाला नाव सांगितलं की आधी विचारतात, तू सिपोराबाईंची कोण?"

माफी दिली, घेतली, एवढं पुटपुटून सिपोराबाई वळल्या. जिन्याच्या वळणावर मात्र माझा दंड धरला.

"खरंच करत असेल का गं ती?"

"म्हणाली ना."

"तोंडदेखलं नसेल?"

तोंडदेखलं बोलणारी माणसं अशी लाल होत नाहीत, मी म्हटलं. त्यांनी मान डोलावली. उपासाआधीच्या जेवणाला मला वर आपल्याकडेच थांबवून घेतलं, आणि स्वतः भात दोनदा वाढून घेतला.