रंगवलेला बोल्ट

"आजकल के सेन्सराँ बी झूट बोलतें," हिमायतनगरच्या गल्लीतला मेकॅनिक शेजारच्या चहावाल्याला सांगत होता. आमची गाडी प्रत्येक सिग्नलला बंद पडत होती, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मला तीच चालवत आईला डोळ्याच्या ऑपरेशनला न्यायचं होतं. त्याने इंजिनचा सेन्सर दोनदा बदलला होता. तरी मीटरवर व्होल्टेज कधी दोन दिसायचं, कधी साडेचार, तेही इंजिन बंद असताना, जेव्हा आकडा स्थिर राहायला हवा.

मोजायची त्याची पद्धत ठरलेली होती. मीटर शर्टाला पुसायचा, त्यावर फुंकर मारायची, मग लाल तार सेन्सरला लावायची आणि काळी जवळच्याच एका बोल्टला टेकवायची. तो बोल्ट गाडीच्याच निळ्या रंगाने रंगवलेला होता. रंगातून वीज जात नाही, म्हणजे तिथे तार टेकवून खरा आकडा येणार नाही, एवढं मला शाळेपासून माहीत होतं. पण अनोळखी माणसाशी बोलायचं मी टाळते. तासभर मी त्या बोल्टकडे बघत स्वतःवरच चिडत राहिले. त्याचे हात मात्र सफाईदार होते. नट तो न बघताच सोडवायचा. अशा माणसाला मी काय शिकवणार?

त्याने तिसऱ्या सेन्सरचं खोकं फोडायला घेतलं. "टेन्शन नक्को मेडम. घर में कोई जेंट्स हैं तो फोन लगाव, उनकू समझाता मैं."

"मेरेकूच समझाव भाई," मी म्हणाले. "काली तार रंग पो कैकू लगा रें? बॅटरी के मायनस पो लगा के देखो."